मापाड्याचा पांढरा अंगरखा

नागमणीबाई गड्डम यांना मी सुरक्षारक्षकाच्या वेषात पाहिलं आहे. परिचारिकेच्या, पेट्रोल पंपावरच्या माणसाच्या, लिफ्टवाल्याच्या आणि एकदा लग्नातल्या बँडवाल्याच्या लाल कोटातही पाहिलं आहे, खांद्यावरच्या सोनेरी झालरीसकट. चौथीच्या मुलांची हाफ पँट तेवढी त्यांना चढेना. ती त्यांनी डाव्या हातावर कोपरापर्यंत ओढली आणि दिवसभर तसंच काम केलं. संध्याकाळी म्हणाल्या, "शिवण आतून टोचते. पोरं वर्गात चुळबुळ करतील आणि फुकट मार खातील. बदला."

आमचा कारखाना गणवेशांचा. सोलापुरात असे पुष्कळ आहेत, आमचा मध्यम. मी तिथे कापडाचा हिशेब बघतो: किती मीटर आलं, किती कपड्यांत गेलं, किती चिंध्यांत. नागमणीबाई नमुने करायच्या. गिऱ्हाईक सांगेल तसा पहिला कपडा बेतायचा, शिवायचा, आणि तो पसंत पडला की बाकीचे हजारो त्याबरहुकूम. इतर कारखान्यांत नमुना पुतळ्यावर चढवतात. पुतळा आमच्याकडेही होता, पण बाई त्याच्या गळ्यात आपला जेवणाचा डबा अडकवायच्या. "पुतळ्याला घाम येतो काय?" असं विचारायच्या. पहिला कपडा त्या स्वतः घालायच्या. सकाळी घरून निघताना चढवला की रात्री घरी पोचेपर्यंत अंगावर. खाली सलवार, वर ज्याचा असेल त्याचा सदरा, आणि केसांत मोगऱ्याचा गजरा. गजरा कुठल्याही गणवेशावर चालतो असं त्यांचं मत होतं.

बाई बुटक्या होत्या, पन्नाशी ओलांडलेल्या. यंत्रमागाच्या खडखडाटात लहानाच्या मोठ्या झाल्यामुळे त्यांना हळू बोलता यायचं नाही. कानात सांगायची गोष्ट त्या कानात सांगत आणि ती गोदामापर्यंत ऐकू जाई. मुंबईला दोन वर्षं कपड्यांचं शिक्षण घेतलेलं होतं आणि त्याचा अभिमान त्या लपवत नसत. "सोलापुरात दोनच गोष्टी सरळ," म्हणायच्या, "उन्हाळ्यातलं ऊन आणि माझी शिवण." चूक दाखवली तर रागवायच्या, दुसऱ्या दिवशी मुकाट्यानं दुरुस्त करायच्या, आणि ती चूक आपल्यालाच सापडली असं सगळ्यांना सांगायच्या.

एकदा बसच्या वाहकांच्या खाकी सदऱ्याचा नमुना होता. त्या दिवशी बाई उशिरा आल्या. मालक वैतागले होते.

"मॅडम, गिऱ्हाईक येऊन बसलंय."

"बसू द्या. मी नोकरी करून आले." बाई खुर्चीवर टेकल्या. "सात रस्ता चौकात एक म्हातारी आडवी आली. म्हणते, 'मोडनिंबाची गाडी कुटं लागती गं बाय?' म्हटलं, मला माहीत नाही. तर म्हणते, 'मग पगार कशाचा घेतीस?'"

"मग?"

"मग काय ओ! नेली तिला स्टँडवर, गाडीत बसवली, पिशवी मांडीवर दिली. खाकी घातल्यावर नाही कसं म्हणायचं? बगलेत काचतंय, अर्धा इंच सोडा."

मग गिऱ्हाईकासमोरच त्यांनी आपलं तत्त्वज्ञान सांगितलं. "खाकी घातली की लोक प्रश्न विचारतात. पांढरं घातलं की लोकच उत्तरं द्यायला लागतात, न विचारता. मागं नर्सचा कोट घातला होता, तर रिक्षावाल्यानं सात रस्ता येईपर्यंत बायकोचं सगळं दुखणं सांगितलं की मला."

आम्ही हसलो. तेव्हा ती हसण्याचीच गोष्ट होती.

बाई आमच्या शेजारी राहत, भिंतीला भिंत लागून. लग्न केलेलं नव्हतं. घरात त्या आणि त्यांची आई. आईला सगळी गल्ली अम्मा म्हणे. अम्मांचं आयुष्य मागावर गेलेलं. घरात त्या तेलुगू बोलायच्या, बाहेर मराठी. मराठी चांगलं यायचं, पण ते बाहेरच्यांसाठी: दवाखाना, वीज मंडळाची माणसं, मागाचे मालक. मुलीला त्या 'बिड्डा' म्हणायच्या, म्हणजे लेकरू. बावन्न वर्षांच्या, आवाजानं भिंत हलवणाऱ्या बाईला 'बिड्डा' म्हणून हाक मारलेली ऐकून माझ्या बायकोला, सुनंदाला, पहिल्यांदा हसू फुटलं होतं.

मग अम्मांचं विसरणं सुरू झालं. आधी देवाला दिवा लावला की नाही ते, मग रस्ता, मग शेजारी. दोन वर्षांनी, उन्हाळ्यात, त्या जेवणच विसरल्या. विसरल्या म्हणजे, नको म्हणायला लागल्या. घास तोंडात धरून ठेवायच्या आणि पाठ वळली की पदरात काढायच्या. औषधाच्या गोळ्या उशीखाली सापडायच्या. वजन चौतीस किलोवर आलं. डॉक्टरांनी सांगितलं, असंच राहिलं तर नाकातून नळी घालावी लागेल.

त्या संध्याकाळी बाई आमच्याकडे आल्या आणि पहिल्यांदाच हळू बोलल्या.

"नळी मी घालू देणार नाही, सुनंदाताई. आमच्या काकूला घातली होती. म्हातारं माणूस नळी ओढतं, म्हणून हात खाटेला बांधून ठेवतात. काकू दोन महिने बांधलेली होती. तशीच गेली."

"मग काय करायचं?"

"जेवायला घालायचं. काय वाट्टेल ते करून."

त्याच महिन्यात मुंबईहून ते काम आलं. एक मालिका निघत होती, टीव्हीवर आणि मोबाईलवर दाखवायची. दीडशे वर्षांनंतरचं जग. पाऊस जवळजवळ थांबलेला, एक शहर मोठ्या छताखाली राहतं, आणि पाणी माणशी मोजून मिळतं. ते मोजून देणारे अधिकारी म्हणजे मापाडी. त्यांचा सगळ्यांना धाक. तीनशे पोशाख हवे होते. पोशाखांचं बघणारी एक तरुण मुलगी चित्रं घेऊन आली होती. चित्रांतले मापाडी रुपेरी होते, छातीवर दिवे, डोक्यावर काचेचं टोपडं.

बाईंनी चित्र दूर धरून पाहिलं. "हे चंद्रावर चाललेत का वरातीत?"

मालकांनी डोळे मिटून घेतले. मुलगी मात्र चिडली नाही. म्हणाली, "मॅडम, विज्ञानकथा आहे. लोकांना चकचकीत आवडतं."

"तुमच्या त्या शहरात पाणी किती मिळतं?"

"माणशी दोन पेले. दिवसाला."

"मग सोलापूरच की. आमच्याकडे चार-पाच दिवसांनी नळ येतो." बाईंनी पेन्सिल घेतली. "पाणी नाही म्हणजे धुणं नाही. धुणं नाही म्हणजे सगळ्या गावाचे कपडे मातीच्या रंगाचे. झटकायचे आणि घालायचे. मळ दिसू नये म्हणून ठिगळावर ठिगळ, तीच त्यांची फॅशन. नवरीलासुद्धा तोच रंग. अशा गावात भीती कुणाची वाटेल? चांदीची? नाही. जो पांढराशुभ्र दिसेल त्याची. पांढरं म्हणजे धुतलेलं. धुतलेलं म्हणजे त्याच्याकडं पाणी."

 मुलीनं रुपेरी चित्रं हळूच पिशवीत घातली.

पुढचा आठवडाभर बाई दुसऱ्या कशाला हात लावेनात. आमच्याकडे जानेवारीतल्या यात्रेत लोक पांढरी बाराबंदी घालतात, पुढून बंद बांधायची. बाईंनी त्यातले बंद तेवढे घेतले आणि पाठीवर नेले. मालक म्हणाले, "मॅडम, स्वतःला बांधता येणार नाही."

"येऊच नये. स्वतःच्या हातानं कपडे घालतो तो कसला साहेब? त्याला बांधणारं कुणीतरी मागं उभं पाहिजे."

खिसे त्यांनी ठेवले नाहीत. ज्याला काही जवळ बाळगावं लागतं त्याला खिसा, असं म्हणाल्या. गळपट्टी कॅनव्हास घालून इतकी ताठ आणि उंच केली की मान खाली जाईना. मापाडी तुमच्याकडे बघणार तो फक्त डोळे खाली करून. डोक्याला घट्ट टोपरं, केस आणि कपाळ झाकणारं, हनुवटीखाली आवळलेलं. "कपाळ झाकलं की माणूस कुणाचा राहत नाही," हे त्यांचं वाक्य मला तेव्हाही आवडलं नव्हतं. कापड डॉक्टरी कोटाचं. एका पोशाखाला पावणेचार मीटर लागलं, आणि एवढं कापड एका बुटक्या बाईच्या अंगावर जाईल असं मला वाटलं नव्हतं.

नमुना झाला. नेहमीप्रमाणे दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी तो घातला. बंद बांधायला सुनंदाला बोलावलं. "घट्ट बांधा हो. ढिलं राहिलं तर आतला माणूस दिसतो." गजरा त्यांनी प्रथमच घरी ठेवला, टोपऱ्यात मावत नव्हता.

कारखान्याच्या दारावर बिराप्पा असतो, होटगीचा. बाईंची थट्टा करण्यात त्याचा पहिला नंबर. बँडवाल्याच्या कोटात त्या आल्या तेव्हा त्यानं फाटकातच "नवरदेव कुटं हाय?" म्हणून विचारलं होतं. त्या दिवशी तो स्टुलावरून उठला आणि तोंडातली तंबाखू भिंतीआड जाऊन थुंकून आला.

"बिराप्पा, अरे मी आहे."

"व्हय की मॅडम, कळलं मला. पर उटावंच वाटलं."

बाई शिलाईच्या हॉलमध्ये गेल्या तशी एकेक यंत्र थांबत गेली. कुणी शिटी मारली नाही, कुणी "काय ओ मॅडम, कुठं निघालाव?" म्हटलं नाही. बाई दारात थोडा वेळ थांबल्या, कुणी हसेल म्हणून. मग एक मुलगी खाली बघून पुन्हा शिवायला लागली, आणि सगळ्याच लागल्या. त्या दिवशी हॉलमध्ये रोजच्यापेक्षा जास्त काम निघालं. आकडे माझ्याकडेच येतात, म्हणून मला माहीत.

संध्याकाळी आमच्या गल्लीत टँकर आला होता. टँकर आला की भांडण ठरलेलं; नळी कुणाच्या हातात यावर दोन घरं वर्षानुवर्षं बोलत नाहीत. मीही रांगेत होतो. बाई रिक्षातून उतरल्या आणि भाडं द्यायला म्हणून जरा उभ्या राहिल्या. तेवढ्यात आवाज कमी झाला. रांग सरळ झाली. माझ्यापुढच्या माणसाकडे दोन कॅन होते, त्यातला एक त्यानं घरात नेऊन ठेवला. बाई त्याला काही बोलल्या नव्हत्या, कदाचित त्यांनी पाहिलंही नव्हतं. माझ्या लक्षात आलं तेव्हा माझी दुसरी बादली मी पायामागे सरकवलेली होती.

रात्री बाई बंद सोडवून घ्यायला आल्या. टोपरं अजून डोक्यावर होतं आणि डोळे भरलेले होते.

"सुनंदाताई, अम्मा जेवल्या."

"काय सांगता!"

"सगळं ताट. दीड भाकरी, आमटी, भात. मी तशीच आत गेले, हे काढायचं राहिलं होतं. अम्मा उठून बसल्या. मी ताट ठेवलं आणि नुसती उभी राहिले. बोलले नाही काही. जेवल्या. गोळी दिली, ती पण घेतली. तोंड उघडून दाखवलं मला, गिळली म्हणून."

"तुम्हाला ओळखलं नाही?"

"नाही. 'साहेब, मीठ जास्त झालंय, पण खाते,' म्हणाल्या."

"हे मराठीत म्हणाल्या?" मी विचारलं.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "मराठीत," म्हणाल्या.

तेव्हापासून ते रोजचंच झालं. सकाळी बाई कारखान्यात जाण्याआधी आणि संध्याकाळी त्या आल्यावर सुनंदा शेजारी जाई, बंद बांधी, बाहेरच्या खोलीत थांबे आणि ताट रिकामं झालं की सोडवून परत येई. नमुना कारखान्यात जमा करायचा असतो. बाईंनी तो केला नाही आणि मालकांनी विचारलं नाही, कारण पोशाख मुंबईला फार पसंत पडले होते. बाईंचा एकच नियम होता: आत बोलायचं नाही. बोललं की आवाज ओळखीचा वाटतो आणि अम्मा पुन्हा लाडानं नको म्हणतात.

अम्मा सुधारल्या. जूनमध्ये वजन अडतीस किलो भरलं. डॉक्टरांनी नळीचा विषय बंद केला आणि बाईंना विचारलं, तुम्ही केलंत तरी काय? बाई म्हणाल्या, "जरा शिस्त लावली." अंघोळ, वेणी, औषध, सगळं वेळेवर व्हायला लागलं. अम्मा आता ताट येण्याआधीच हात धुऊन बसत. कधी कधी पहाटेच उठून बसलेल्या असत, पदर डोक्यावर घेऊन, दाराकडे बघत.

भिंत आमची पातळ. पूर्वी त्या घरातून दिवसभर तेलुगू ऐकू यायचं: हाका, कुरकुर, जुनी गाणी. ते कमी होत गेलं. आवाज येईनासा झाला म्हणून एकदा सुनंदानंच मला विचारलं, "आज सुट्टी आहे ना, मग शेजारी कुणी बोलत कसं नाही?"

पावसाळा संपता संपता मालिका आली. आमच्या घरी सगळ्यांनी एकत्र बसून पाहिली. नागमणीबाईंनाही बोलावलं होतं; त्या शेंगांची चटणी घेऊन आल्या आणि पूर्ण वेळ फक्त कपड्यांबद्दल बोलल्या. गोष्टीत कोण मरतं, कोण जगतं, याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. "बघा बघा, मागचा तिसरा बंद सैल आहे. बांधणारी कुणीतरी आळशी." मग पहिल्यांदा मापाडी मोठ्या दारातून आत येतात तो भाग आला. मातीच्या रंगाच्या गर्दीतून पांढरी माणसं चालत येतात आणि गर्दी आपोआप दुभंगते.   बाई एवढंच म्हणाल्या, "चांगलं शिवलंय."

मालिका चालली. आधी आमच्या गल्लीतली पोरं 'मापाडी मापाडी' खेळायला लागली. एकजण पांढरा टॉवेल डोक्याला गुंडाळून उभा राहायचा आणि बाकीची पेले घेऊन रांगेत. खेळात भांडणं होत नसत, म्हणून आया खूश. मग कॉलेजच्या मुलांनी पाठीवर बंद असलेले पांढरे सदरे घालायला सुरुवात केली. मित्र एकमेकांना रस्त्यात उभं करून बांधून देत. बाजारात दुकानांबाहेर ते सदरे टांगलेले दिसायला लागले. एका सुरक्षारक्षक पुरवणाऱ्या एजन्सीचा माणूस मालकांकडे आला. त्याला आपल्या रक्षकांसाठी तसाच पोशाख हवा होता, फक्त पुढून चेन लावून.

"चेन लावली की तो वेटर होईल," बाई म्हणाल्या. "आणि मापाडी मी पुन्हा बेतणार नाही."

मालक हबकले. एवढं मोठं काम. "का पण, मॅडम? तुमचंच डिझाइन."

"तुम्हाला माहीत नाही ते काय करतं." एवढंच म्हणून त्या पुतळ्याच्या गळ्यातला डबा घेऊन जेवायला गेल्या. काम दुसऱ्या कुणीतरी घेतलं असावं. आता एका बँकेच्या दारात तसा रक्षक उभा असतो, चेनवाला. लोक त्याच्याशी बोलत नाहीत, चपला मात्र बाहेर काढून ठेवतात. बँकेत, चपला.

दिवाळीच्या सुमारास बाई एका रविवारी आमच्याकडे आल्या. साडीत होत्या, गजरा माळलेला होता. 

"अम्मा परवा माझ्याशी बोलल्या," म्हणाल्या. "तेलुगूत. खूप दिवसांनी."

"मग चांगलंच की!" सुनंदा म्हणाली.

"मला जवळ बोलावलं. दाराकडे बघितलं, कुणी नाही ना म्हणून. मग कानात सांगितलं, बिड्डा, इथं एकजण येतो. पांढरा. काही बोलत नाही, नुसता बघतो. तो आला की तू घरात नसतेस. तू कुठं जातेस? मला एकटीला सोडून जात जाऊ नकोस."

सुनंदानं त्यांच्या हातावर हात ठेवला. बाई पुढे म्हणाल्या, "उशीखालून भाकरीचा तुकडा काढला आणि माझ्या हातात दिला. माझ्यासाठी ठेवलेला. म्हणाल्या, लवकर खा, तो यायच्या आत."

"आता बंद करा हे, ताई," सुनंदा म्हणाली.

"केलं. म्हणून तर परवापासून तुम्हाला बांधायला बोलावलं नाही. दोन दिवस साडीतच ताट नेलं. एक घास नाही. पाणीसुद्धा नाही." त्यांचा आवाज पुन्हा नेहमीसारखा चढला. "मला आई पाहिजे का आईनं मला ओळखायला पाहिजे, ते सांगा! दोन्ही मिळत नाही. मी नळी घालू देणार नाही. हात बांधू देणार नाही."

त्या संध्याकाळी सुनंदा पुन्हा बंद बांधायला गेली.  पण थंडी पडल्यावर एक दिवस ती शेजारून परत आली ती थेट स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिली. मी विचारलं तर म्हणाली, "उद्यापासून मी जाणार नाही. आज अम्मा बाहेरच्या खोलीत आल्या. मी खुर्चीवर बसले होते. त्यांनी मला हात जोडले. मला, समजलं का? त्यांना वाटतं, मी त्या साहेबाची माणूस आहे."

तिनं नागमणीबाईंना तोंडावर सांगितलं. बाई रागावल्या नाहीत. "तुम्ही पुष्कळ केलंत," म्हणाल्या.

अम्मा पुढच्या पावसाळ्यापर्यंत होत्या. झोपेत गेल्या. हात मोकळे होते, आणि शेवटच्या रात्री त्या पोटभर जेवलेल्या होत्या, हे बाईंनी भेटायला आलेल्या प्रत्येकाला सांगितलं. महिन्याभरात त्यांनी नोकरी सोडली, घर विकलं आणि सुरतेकडे एका लांबच्या नातेवाइकाकडे गेल्या. निघताना सगळ्यांना भेटल्या, बिराप्पालाही. पण निरोपाच्या वेळच्या नागमणीबाई मला नीट आठवत नाहीत. सुनंदानं नाही म्हटलं त्याच्या दुसऱ्या दिवशीच्या तेवढ्या आठवतात.

सकाळी मालकांचा निरोप होता, बाईंना लवकर बोलावलंय म्हणून. फोन त्या उचलत नव्हत्या, म्हणून मी गेलो. दार लोटलेलं होतं. हाक मारणार होतो, पण आतल्या खोलीचं दार सताड उघडं होतं आणि समोर त्या दोघी दिसत होत्या.

नागमणीबाई दाराकडे तिरक्या उभ्या होत्या. टोपरं, गळपट्टी, सगळं चढवलेलं. पाठ उघडी. त्यांच्या मागे अम्मा उभ्या होत्या आणि बंद बांधत होत्या. जिला लेकीचं नाव आठवत नव्हतं तिचे हात भराभर चालले होते. मागावर तुटलेला धागा जोडणाऱ्या बायकांचे हात तसे चालतात, न बघता. एक बंद झाला की त्या तो ओढून बघत आणि पुढचा घेत. बाई हलत नव्हत्या. त्यांनी मला पाहिलं होतं. 

शेवटचा बंद झाला. अम्मा पुढे आल्या, दोन पावलं दूर, अदबीनं उभ्या राहिल्या आणि हात जोडले.

"साहेब," त्या म्हणाल्या, "आमची पोरगी तुमच्याकडं हाय. मला ठाऊक हाय. मी रोज सगळं खाते, एक शीत टाकत नाही. गोळी पण घेते. अजून किती दिवस खाल्लं की सोडाल तिला?"

त्या घरात तो पोशाख कधी बोलला नव्हता. बाईंचे ओठ हलले. आवाज आला. मोठा नाही, कुणाचाच नाही असा.

"सोडू. आधी जेवा."

"व्हय, साहेब," अम्मा म्हणाल्या आणि लगबगीनं ताटावर जाऊन बसल्या.